बॅटरी दोषी की प्रोग्रॅम?

पेढीवरचा लॅपटॉप पूर्वी एका चार्जिंगवर चार तास चालत असे; आता दीड तासातच तो मान टाकतो, पंखा सतत घोंघावतो आणि तळ तापतो. अशा वेळी बॅटरी निकामी झाली असे गृहीत धरून नवी आणली जाते. दुखणे मात्र तसेच राहते. कारण अनेकदा दोष बॅटरीचा नसून पडद्याआड अखंड राबणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅमचा असतो. प्रोसेसर जितका राबेल तितकी वीज खर्च होते, आणि तीच उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते.

म्हणून खर्चाआधी तपासणी करावी. सर्व कामे जतन करून बंद करावीत व यंत्र दहा मिनिटे स्वस्थ ठेवावे. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील ‘सीपीयू’ या शीर्षकावर क्लिक करताच सर्वाधिक राबणारा प्रोग्रॅम वर येतो. स्वस्थ यंत्रातही एखादे नाव बराच वेळ २५–३० टक्क्यांवर टिकून राहिले, तर संशय तेथे घ्यावा. विंडोज अपडेट किंवा अँटिव्हायरसची तपासणी चालू असताना आकडा काही काळ चढणे स्वाभाविक आहे.

व्यापारी घरात एक कारण विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे चालू फोल्डर क्लाउडशी जोडलेले असेल, तर प्रत्येक नोंदीनंतर फाइल बदलते आणि क्लाउडचा प्रोग्रॅम ती पुन्हा वर चढवू लागतो. हे चक्र दिवसभर फिरते. बॅटरीपेक्षा मोठा धोका निराळाच आहे: तेच फोल्डर दोन संगणकांवर उघडल्यास एकाच वहीच्या दोन विसंगत प्रती तयार होऊ शकतात. चालू हिशेब क्लाउडच्या फोल्डरबाहेर ठेवावा. सायंकाळी सॉफ्टवेअर बंद केल्यावर बॅकअपची प्रत तेवढी क्लाउडवर पाठवावी.

दोषी ब्राउझर असल्यास अनावश्यक टॅब आणि एक्स्टेन्शन बंद करावेत. अन्य प्रोग्रॅम असल्यास तो नेहमीच्या पद्धतीने बंद करून यंत्र ‘रीस्टार्ट’ करावे. अनेक यंत्रांत केवळ ‘शट डाउन’ने विंडोज पूर्णतः नव्याने सुरू होत नाही. नंतर अपडेट करावे आणि ‘स्टार्टअप ॲप्स’मधून त्याचे आपोआप सुरू होणे थांबवावे. तेवढ्याने न भागल्यास, बॅकअप घेऊनच, तो काढून पुन्हा बसवावा. हिशेबाचे सॉफ्टवेअर नोंद चालू असताना ‘एंड टास्क’ने कधीही तोडू नये, फाइल बिघडण्याची भीती असते. अनोळखी नाव दिसल्यास अँटिव्हायरसची पूर्ण तपासणी करावी. दुसऱ्याच्या संगणकावर गुपचूप आभासी चलन निर्माण करणारे प्रोग्रॅमही असतात.

प्रोसेसर शांत असूनही बॅटरी झपाट्याने उतरत असेल, तर मात्र ती जीर्ण झाली असावी. तंत्रज्ञाकडून विंडोजचा ‘बॅटरी रिपोर्ट’ काढून घ्यावा. मूळ क्षमता ५०,००० मिलीवॉट-तास आणि पूर्ण चार्ज २५,००० दिसल्यास निम्मी बॅटरी सरली, असे समजावे. बॅटरी फुगलेली दिसली, तर यंत्राचा वापर आणि चार्जिंग तत्काळ थांबवावे.