विश्लेषण : डी-डेला कोणता किनारा कोणत्या देशाकडे, हे कसं ठरलं?

६ जून १९४४. समुद्रातून आणि हवेतून सुमारे १ लाख ५६ हजार दोस्त सैनिक फ्रान्समधल्या नॉर्मंडीत उतरले. दरवर्षी या दिवशी तिथे श्रद्धांजलीचे कार्यक्रम होतात आणि पाच किनाऱ्यांची नावं पुन्हा चर्चेत येतात. पण त्यांची वाटणी कशी झाली?

कोणाकडे काय होतं?

किनारपट्टी सुमारे ८० किलोमीटरची. पश्चिमेकडून पूर्वेकडे युटा आणि ओमाहा अमेरिकेकडे, गोल्ड ब्रिटनकडे, जुनो कॅनडाकडे आणि सॉर्ड पुन्हा ब्रिटनकडे. मूळ आराखडा तीन डिव्हिजनचा होता. आयझेनहॉवर आणि माँटगोमेरी यांनी १९४४च्या सुरुवातीला तो पाचवर नेला. युटा आणि सॉर्ड तेव्हाच जोडले गेले.

अमेरिका पश्चिमेलाच का?

कारण अगदी साधं होतं : छावण्या. अटलांटिक ओलांडून आलेलं अमेरिकी सैन्य इंग्लंडच्या नैऋत्य भागात राहत होतं, तर ब्रिटिश सैन्य त्याच्या पूर्वेला. बाजू बदलल्या असत्या, तर हजारो जहाजांचे मार्ग खाडीत एकमेकांना छेदले असते. शिवाय शेरबूर्ग बंदर पश्चिमेला होतं. ते हाती आलं की अमेरिकेतून रसद थेट तिथे उतरवता येणार होती.

याची किंमत ओमाहावर मोजावी लागली. समोर उंच कडे, त्यावर जर्मन तोफा आणि मशिनगन. किनाऱ्याच्या पूर्व भागात पाण्यात सोडलेल्या २९ तरंगत्या रणगाड्यांपैकी २७ बुडाले.

कॅनडाला स्वतंत्र किनारा का?

ऑगस्ट १९४२मध्ये दिएप्पवरच्या फसलेल्या हल्ल्यात कॅनडाचे ९००हून अधिक सैनिक मारले गेले होते. त्यानंतर जुनोवर आपलं सैन्य उतरणं ही कॅनडासाठी प्रतिष्ठेची बाब होती. अर्थात, हे सैन्य ब्रिटिश दुसऱ्या आर्मीच्या हाताखालीच लढलं.

आज याचं काय?

किनाऱ्यावरचा क्रम जर्मनीपर्यंत टिकला : ब्रिटिश उत्तरेला, अमेरिकी दक्षिणेला. रूझवेल्ट यांना युद्धानंतर ताब्यासाठी उत्तर जर्मनी हवा होता. पण सप्टेंबर १९४४मध्ये त्यांनी दक्षिण भाग स्वीकारला. समुद्राशी संपर्क राहावा म्हणून ब्रेमेन आणि ब्रेमरहाफेन ही बंदरं अमेरिकेला मिळाली.

अमेरिकी लष्कराचं युरोपातलं मुख्यालय आजही दक्षिण जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये आहे. इंग्लंडमधल्या छावण्यांची जागा हे त्यामागचं एकमेव कारण नाही, पण या साखळीची पहिली कडी तिथेच सापडते.