भावकीच्या ग्रुपवर टाकण्याआधी



नांदेड-लातूरकडे सल्लाकेंद्रात बसणारीला हल्ली एक मागणी हमखास ऐकू येते. नवऱ्याचं बाहेर प्रकरण असतं. त्याचा मोबाईल बायकोच्या हाती लागलेला असतो; त्यातले निरोप, फोटो तिनं आपल्या फोनवर घेतलेले असतात. तिला वकील नको, पोलीसही नकोत. ‘ताई, हे भावकीच्या ग्रुपवर टाकते. होऊ द्या बोभाटा.’

तिचा संताप मला समजतो. वर्षानुवर्षं तिचं सांगणं कुणी खरं मानलेलं नसतं, आज पहिल्यांदा पुरावा हातात आलेला असतो. शिवाय बोभाटा हे तर आपलंच हत्यार. मारकुट्या नवऱ्याच्या दारात आपण घोषणा दिल्या, सून जाळणाऱ्यांच्या घरासमोर धरणं धरलं. ‘घरातली बाब’ म्हणून झाकलेलं चव्हाट्यावर आणणं, यातूनच आपली चळवळ उभी राहिली. मग आता आपणच ‘खाजगी’ या शब्दाची कड घ्यायची?

मला वाटतं, मारहाण आणि प्रेमप्रकरण एका तागडीत घालू नये. मारहाण, हुंडा, पहिली असताना लपवून केलेलं दुसरं लग्न हे गुन्हे आहेत. त्यांना वाचा फुटलीच पाहिजे. दोन सज्ञान माणसांचे राजीखुशीचे संबंध हा बायकोचा विश्वासघात असतो, पण गुन्हा नाही. व्यभिचाराचं कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयानं २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केलं, तेव्हा ‘आता बाईनं जायचं कुठं’ असं आपल्यातल्याही काहीजणी म्हणाल्या. पण त्या कलमानं बायकोला दिलं काय होतं? नवऱ्याविरुद्ध फिर्याद करण्याचा हक्कच तिला नव्हता. फिर्याद करायची ती त्या दुसरीच्या नवऱ्यानं, आणि त्याची संमती असली तर गुन्हाच नाही! बाई म्हणजे कुणाची तरी मालमत्ता, एवढाच त्याचा अर्थ. घटस्फोटाचं कारण म्हणून व्यभिचार आजही कायद्यात आहेच.

आणि बोभाट्याची झळ लागते कुणाला? चार महिन्यांनी तो गडी पुन्हा पारावर गप्पा मारताना दिसतो. त्या बाईला मात्र गाव सोडावं लागतं. लातूरला शिकवणीसाठी खोली करून राहणाऱ्या मुलींचं बघा. एकीचा फोटो फिरला, की गावातल्या आणखी चौघींना घरी बोलावून स्थळं बघायला लागतात. नांदेड जिल्ह्यात जानेवारी २०२३ मध्ये प्रेमसंबंधाच्या कारणावरून वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुलीच्या खुनाचा गुन्हा तिच्या घरच्यांवरच दाखल झाला. १९९४ सालचं जळगाव जुन्या मैत्रिणींना आठवत असेल. फोटोंच्या धाकावर मुलींचं शोषण करणाऱ्यांचं बळ, नाव बाहेर फुटेल या त्यांच्या भीतीतच होतं. तीच भीती आपण दुसऱ्या बाईवर सोडायची का? मला ते पटत नाही, मग ती सवत का असेना.

यात तक्रारदार बाईचाही धोका आहे. उघडे फोटो पुढं पाठवले, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा तिच्यावरच दाखल होऊ शकतो. कलम ६७ अ खाली पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आहे. नवऱ्याचा वकील हे बरोबर शोधून काढतो.

१४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं नवरा-बायकोच्या दाव्यात चोरून केलेलं ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून घेता येईल असा निकाल दिला. त्यात मुद्रण करणारा नवरा होता, हे विसरू नका. आपल्याकडे फोन बायकोचे तपासले जातात. कुणाचा आला, कुणाला केला, याचा हिशेब रोज रात्री तिलाच द्यावा लागतो. या निकालाचा फायदा आधी कोण उठवील, हे मी वेगळं सांगायला नको.

तरीही पुरावा हाती असेल तर तो न्यायालयासाठी ठेवावा. मूळ फोन विकू नये, बदलू नये, मजकूर पुसू नये, कारण नुसत्या छापील कागदावर भागत नाही, सोबत कायद्यानं सांगितलेलं प्रमाणपत्र लागतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली राहत्या घरात राहण्याचा हक्क आणि खर्ची मागता येते. त्या अर्जाबरोबर मारहाणीची, उपाशी ठेवल्याची, पैसे तोडल्याची टिपणं जोडा. प्रकरणाच्या फोटोंपेक्षा तिथं त्यांचा उपयोग अधिक होतो.