धणे घातले की संस्कृती?

मंडळी, मी बिअर पीत नाही, पण आमच्या भाचेमंडळींची एक गोष्ट खटकते. पुण्यात २००९ साली डूलाली सुरू झाली, तेव्हापासून बेल्जियमची विटबिअर म्हणजे त्यांना संस्कृती वाटते. आहेच ती! गहू, धणे, संत्र्याची साल... होगार्डन गावात ती बंद पडली होती, पिएर सेलिस नावाच्या दूधवाल्याने साठच्या दशकात पुन्हा सुरू केली. २०१६ मध्ये युनेस्कोनेही बेल्जियमच्या बिअर-संस्कृतीला वारसा म्हटले.

पण मोहाचे नाव काढा, लगेच 'हातभट्टी' म्हणून नाके मुरडतात. धणे घालणारा तो कलावंत आणि मोह गाळणारी आदिवासी बाई गुन्हेगार? मालवणीचा दाखला मला देऊ नका. २०१५ मध्ये तिथे शंभरावर माणसे मेली ती मिथेनॉलने, मोहाने नव्हे. दारूने घरे बुडतात हे मास्तरकीत खूप पाहिले; सरकारमान्य बाटलीनेही ती तितकीच बुडतात.

शेजारच्या गोव्याने काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवले, २०१६ मध्ये तिला वारसा पेय ठरवले. आपल्याकडे २०२१ पर्यंत मोहाची नुसती फुले साठवण्यावरही बंधने होती. फुले हो, दारू नव्हे!