मातीच्या प्रदर्शनात आपले नाव कुठे?

मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेशेजारी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. तेथे एकोणिसाव्या शतकातील 'बॉम्बे स्कूल ऑफ आर्ट'ची चिनी मातीची भांडी ठेवलेली आहेत. जॉर्ज टेरी या इंग्रज शिक्षकाने हे काम उभे केले आणि त्यावर सिंधच्या ग्लेझची छाप आहे. टेरीचे नाव पुस्तकांत आहे. चाकावर बसणाऱ्याचे, भट्टीपुढे रात्र काढणाऱ्याचे नाव मात्र कोणाच्या तोंडी नाही.

हे पूर्वापार असेच होते असे समजू नका. इराणातील काशान शहरात अबू ताहिरच्या घराण्याने चार पिढ्या मशिदींसाठी आणि दर्ग्यांसाठी फरश्या बनविल्या आणि त्यांवर आपली नावे घातली. त्याच काशानचा अबू जैद आपल्या कामावर सही आणि हिजरी सनही लिहीत असे. आपण ज्याला काशीकाम म्हणतो तो शब्द या काशानवरूनच आला. आठशे वर्षांपूर्वीच्या कारागिराला आपले नाव लिहिण्याचा संकोच वाटला नाही. आज आपल्याला का वाटावा?

हा विषय काढण्याचे कारण असे की आपल्या देशात मातीकामाचे मेळे आणि प्रदर्शने वाढत आहेत. 2018 मध्ये जयपूरच्या जवाहर कला केंद्रात 'इंडियन सिरॅमिक्स ट्रिएनाले' भरले, 2024 मध्ये ते दिल्लीत झाले. तेथे कप-बशा नव्हे, तर मातीची शिल्पे आणि खोलीभर मांडणी पाहावयास लोक येतात. लहान प्रमाणावर असे मेळे इतर शहरांतही होतात. खुर्जा आणि कच्छमधील खावडा येथे पिढ्यान्‌पिढ्या मातीकाम करणारी मुस्लिम घराणी आहेत. तरीही अशा ठिकाणी आपला माणूस बहुधा माल पुरविणारा, भट्टी लावणारा किंवा पेटी ठोकणारा असतो. गाळा दुसऱ्याचा असतो.

'शिल्प' हा शब्द ऐकताच आपल्यापैकी अनेकजण मागे सरकतात, आणि त्याचे कारण मी हलके मानत नाही. सजीवांच्या आकृती घडविण्याबाबत बहुसंख्य उलमांचे मत स्पष्ट आहे आणि ज्याला ते मान्य आहे त्याने बाजारासाठी ते सोडू नये. परंतु शिल्प म्हणजे मूर्तीच असे कोणी सांगितले? हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी एका चित्रकाराला झाडे आणि निर्जीव वस्तू काढण्याचा सल्ला दिल्याची रिवायत प्रसिद्ध आहे. अंदलुसच्या अलहम्बरा महालातील चौदाव्या शतकातील मातीचे रांजण पाहा. काही तर एक मीटरहून उंच आहेत. ते पाणी भरण्यासाठी नव्हते, दालनाच्या शोभेसाठी होते. आजच्या भाषेत तेही शिल्पच. मिहराबीची कमान, जाळी, खत्ताती, भूमितीची नक्षी, फुटलेल्या डाळिंबाचा आकार, एवढे भांडवल ज्याच्या घरात आहे त्याला विषयाची टंचाई पडू नये.

आता व्यवहाराचे बोलू, कारण हौसेपायी घर बुडविण्याचा सल्ला हे पान देणार नाही.

भांडे करणाऱ्या हाताला शिल्प सोपे वाटते, पण ते तसे नसते. जाड भाग आत भरीव राहिला आणि ओल शिल्लक असली की भट्टीत वाफ धरते आणि काम फुटते. म्हणून आतून पोकळ करावे, भिंत शक्यतो सारख्या जाडीची ठेवावी, मातीत भाजलेल्या मातीचा चुरा मिसळावा आणि सावलीत दिवसचे दिवस वाळू द्यावे. 573 अंश सेल्सियसच्या आसपास मातीतील गारेचे कण एकदम फुगतात. तेथे चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा घाई केली तर तडा ठरलेला. हे अनुभवी भट्टीवाल्याला आकडा न सांगताही कळते.

खरी चूक किमतीत होते. समजा, एका कामाला चार दिवस लागले, रोजाचे 600 रुपये धरले तर 2,400 झाले. माती, ग्लेझ, जळण मिळून 1,000. म्हणजे 3,400. पण तीन कामे भट्टीत घातली आणि दोनच धड निघाली, तर एका धड कामाचा खर्च 5,100 होतो. पेटी, पेंढा, भाडे यांचे 800 धरा, झाले 5,900. तुम्ही खुशीने 9,000 किंमत लावली आणि दालनाने 40 टक्के कमिशन घेतले तर हातात येतात 5,400. काम विकले गेले आणि 500 रुपये खिशातून गेले! नुसता खर्च भरून निघायलाच किंमत 9,833 हवी. दालनाचे कमिशन विक्रीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत असते, ते आधी विचारा. वाहतुकीत फुटले तर नुकसान कोणाचे, न विकलेला माल परत आणण्याचे भाडे कोणाचे, पैसे किती दिवसांत मिळणार, हे कागदावर घ्या. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा हा तर आपल्याला कुरआनचाच हुकूम आहे, आणि आपणच तो सर्वांत जास्त मोडतो.

दुसरी गोष्ट तड्याची. केसाएवढी चीर लांबी भरून, वर रंग मारून लपविता येते आणि बाजारात हे चालतेही. धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल बाहेर काढणाऱ्या प्रेषितांचे (सल्ल.) आपण अनुयायी आहोत. चीर असेल तर चिठ्ठीवर लिहा आणि किंमत कमी करा. ज्या गिऱ्हाइकाला हे एकदा कळले ते दुसऱ्या गाळ्यावर जात नाही, असा व्यापारातला माझा अनुभव आहे.

सुरुवात थेट मोठ्या दालनापासून करण्याची गरज नाही. केंद्र सरकारच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांकडून कारागिराचे ओळखपत्र मिळते. ते असेल तर गांधी शिल्प बाजारासारख्या ठिकाणी गाळ्यासाठी अर्ज करता येतो. 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत कुंभारकामाचा समावेश आहे. तिच्यातील कर्जावर 5 टक्के व्याज आहे, म्हणून अनेकजण तिकडे फिरकत नाहीत. पण प्रशिक्षण आणि अवजारांसाठीचे 15,000 रुपयांपर्यंतचे साहाय्य कर्जाशिवाय आहे, हे फार थोड्यांना माहीत असते.

दिल्लीत सरदार गुरुचरण सिंग यांनी 1952 मध्ये 'दिल्ली ब्लू' भांड्यांचा कारखाना काढला. त्यांना 1991 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्याबरोबर सुरुवातीपासून अब्दुल्ला नावाचे पठाण कुंभार होते, निळ्या ग्लेझचे घराणेशाही ज्ञान त्यांच्याकडचे. सरदारजींच्या चरित्रात हे नाव येते, ही त्यांची दिलदारी. पण कारागिराचे नाव टिकणे दुसऱ्याच्या दिलदारीवर सोडून कसे चालेल? माती ओली असताना तळाशी खिळ्याने नाव, गाव आणि सन कोरायला अर्धा मिनिट लागतो. भट्टीतून निघाल्यावर ते पुसता येत नाही.