मंडळी कुठे गेली?

आमच्या बसच्या पुढच्या काचेला आतून एक कागद चिकटवलेला होता. त्यावर इंग्रजीत ठळक अक्षरांत लिहिले होते, 'सेव्हन चर्चेस'. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, ज्या सात ठिकाणांना पत्रे पाठवल्याचा उल्लेख आहे ती ही सात ठिकाणे. सगळी आजच्या पश्चिम तुर्कस्तानात. सातही आम्ही पाहिली. पण इझमीरचे सेंट पॉलिकार्पचे चर्च सोडले, तर जिथे घंटा वाजते, रविवारी माणसे जमतात असे ठिकाण आम्हाला एकही दाखवले गेले नाही. खांब दिसले, विटांचे प्रचंड कमानीपाय दिसले, उन्हात झोपलेली मांजरे दिसली.

इंग्रजीत 'चर्च' म्हटले की डोळ्यांसमोर इमारत येते. आमच्या गोव्यात तर 'इगर्ज' म्हणजे पांढरीशुभ्र वास्तूच. मराठी बायबलाच्या भाषांतरकारांनी मात्र इथे फार नेमका शब्द योजला आहे, 'मंडळी'. इफिसची मंडळी, स्मुर्ण्याची मंडळी, सार्दीसची मंडळी. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही जमलेली माणसे असाच आहे. पत्रे लिहिली गेली तेव्हा चर्च नावाची इमारत अजून उभी व्हायची होती. लोक एकमेकांच्या घरी जमत. म्हणजे पत्रे दगडांना नव्हती, माणसांना होती. आणि सहल आम्हाला दाखवत होती दगड. (आमच्या घरातली मंडळी माझ्या शेजारच्या सीटवर बसून आवळ्याची सुपारी चघळत होती, हे जाता जाता सांगितलेले बरे.)

हे सगळे ऑक्टोबर 2024 मधले. बसमध्ये आम्ही 31 जण. बहुतेक सासष्टी-बारदेशातले ख्रिस्ती शेजारी, बरोबर एक पाद्रीबाब, आणि हिंदू म्हणावेत असे आम्ही चौघे. मी का गेलो? फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' हे एक कारण. 1616 साली राशोलला छापलेल्या त्या मराठी ओव्यांची गोडी लागली, तेव्हापासून तो धर्म ज्या मातीत वाढला ती एकदा पाहावी असे मनात होते. दुसरे कारण, शेजारच्या टीचरनी आग्रह धरला. टीचर निवृत्त होऊन वीस वर्षे झाली, तरी वाड्यावर त्यांना दुसरे नाव नाही.

सहल वाईट होती असे मी म्हणणार नाही. जेवण वेळेवर, हॉटेले स्वच्छ. पण वेळेचा हिशेब मी वहीत मांडत होतो. लावदिकीया 35 मिनिटे. सार्दीस अर्धा तास. चामड्याच्या कपड्यांचे दुकान दीड तास, त्यात चहा आणि फॅशन शो. थुवतीरा, म्हणजे आजचे अखिसार, भर बाजारातल्या कुंपणाच्या आत थोडेसे अवशेष; ते काहींनी बसमधूनच पाहिले.

लावदिकीयाला खरे तर अर्धा दिवस द्यायला हवा होता. तिथल्या मंडळीला त्या पत्रात कोमट म्हणून सुनावले आहे. ना गरम, ना थंड. समोर पामुक्कलेची पांढरी टेकडी, म्हणजे जुने हिएरापोलिस, तिथे गरम पाण्याचे झरे. दुसऱ्या बाजूला कलस्सै, तिथे डोंगराचे थंड पाणी. मध्ये ही श्रीमंत नगरी, हिला पाणी लांबून नळाने आणावे लागे. तो टोमणा ऐकणाऱ्याला किती झोंबला असेल, हे तिथे उभे राहिल्यावर कळते. पण आम्ही उभे राहिलो न राहिलो, तोच शिट्टी झाली.

इफिसला मात्र भरपूर वेळ मिळाला. तिथल्या मोठ्या नाट्यगृहात, जिथे 25 हजार माणसे बसत असे सांगतात, पाद्रीबाबनी 'प्रेषितांची कृत्ये' मधली गोष्ट वाचून दाखवली. देमेत्रिय नावाचा सोनार चांदीची छोटी अर्तमीची देवळे करून विकत असे. पौलाच्या उपदेशाने धंदा बसणार म्हणून त्याने कारागिरांना चिथावले, आणि सारे शहर या नाट्यगृहात येऊन तासन् तास देवीच्या नावाने ओरडत राहिले. गोष्ट ऐकताना आमचे सहप्रवासी हसले. मला त्या सोनाराची थोडी दयाच आली. जत्रेत बसून देवीचे टाक विकणारा माणूस मी लहानपणापासून पाहिला आहे. त्या अर्तमीच्या भव्य देवळाचा आज एक खांब उभा आहे, तोही तुकडे एकावर एक रचून केलेला. आणि तिला हरवणारी मंडळी? तीही नाही. इफिस कोणी एका फटक्यात पाडले नाही. नदीने गाळ आणून बंदर बुजवले, समुद्र कित्येक किलोमीटर मागे सरला, हिवताप आला, भूकंप झाले, माणसे टेकडीकडे सरकली.

हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण बसमध्ये उत्तर तयार होते. 'तुर्क आले आणि सगळे मोडले.' इस्तंबूलला आया सोफियात तर ते उत्तर सगळ्यांच्याच ओठांवर आले. 537 साली पूर्ण झालेले ते चर्च 1453 मध्ये मशीद झाले, 1935 पासून संग्रहालय होते, 2020 मध्ये पुन्हा मशीद झाले. आता परदेशी पर्यटकाने 25 युरो भरायचे आणि वरच्या सज्जातून खाली पाहायचे. सज्जात ख्रिस्ताचे ते अप्रतिम मोझाइक आहे, अर्धे झडलेले. एक सहप्रवासी बाई त्यासमोर रडू लागल्या. म्हणाल्या, "आमचें घर, आनी आमी तिकीट काडून."

आणि त्या क्षणी, खोटे कशाला बोलू, माझ्या जिभेवर एक वाक्य आले होते. आमचीही देवळे अशीच गेली, ती कोणी पाडली? सोळाव्या शतकातल्या सासष्टीची यादी मला तोंडपाठ आहे. मी वाक्य गिळले. पण ते आले होते, आणि त्याबरोबर जरासे समाधानही आले होते. त्याची लाज मला पुढचे आठ दिवस पुरली.

ते 'तुर्कांनी मोडले' हे उत्तर किती अपुरे आहे, ते कळले कापादोकियात. ठरलेली बलूनची फेरी वाऱ्यामुळे रद्द झाली आणि एक सकाळ मोकळी मिळाली. बाकीचे गालिचे पाहायला गेले. टीचर, मी आणि आमची मंडळी टॅक्सी करून मुस्तफापाशाला गेलो. उर्गुपपासून हाकेच्या अंतरावरचे गाव, जुने नाव सिनासोस. दगडी कोरीव कामाची देखणी घरे, चौकात कॉन्स्टंटाईन आणि हेलेना यांचे चर्च. हे दोन हजार वर्षांपूर्वीचे अवशेष नव्हेत. खिडक्यांच्या चौकटी शाबूत, दारावर द्राक्षवेली कोरलेल्या. टीचर कुलूपबंद दाराकडे बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "पूण लोक खंय गेले?"

दहा दिवसांत हा प्रश्न आमच्यापैकी कोणीही विचारला नव्हता. पाद्रीबाबनी नाही, गाइडने नाही, मीही नाही.

उत्तर एका कॉफीवाल्याने दिले. त्याच्या हॉटेलातल्या मुलाने मोडक्या इंग्रजीत सांगितले ते असे. ती माणसे ग्रीसला गेली, आणि आमचे आजोबा ग्रीसमधल्या मॅसेडोनियातून इथे आले. आजोबांना तुर्की येत नव्हते.

जानेवारी 1923 मध्ये लोझान येथे ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी करार केला. अनातोलियातल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांनी ग्रीसला जायचे, ग्रीसमधल्या मुसलमानांनी तुर्कस्तानात. इस्तंबूलचे ख्रिस्ती आणि पश्चिम थ्रेसचे मुसलमान तेवढे वगळले. आधीच पळालेले धरून सुमारे 12 लाख माणसे ग्रीसला गेली, साडेतीन-चार लाख इकडे आली. त्याआधी 1915 मध्ये आर्मेनियनांचा संहार झाला होता. सप्टेंबर 1922 मध्ये स्मुर्णा जळाले, त्यातले ग्रीक आणि आर्मेनियन मोहल्ले राख झाले. आणि त्याच महिन्यात माघार घेणाऱ्या ग्रीक सैन्याने अलाशेहिर जाळले होते. अलाशेहिर म्हणजे आमच्या यादीतले फिलदेल्फिया. म्हणजे प्रकटीकरणातली ती मंडळी तिथे 1922 पर्यंत होती! माझ्या आजोबांच्या हयातीपर्यंत. आमच्या गाइडच्या कथेत ती चौथ्या शतकानंतर कुठेतरी विरून गेली होती.

करारात माणसाची निवड भाषेवरून नव्हती, धर्मावरून होती. कापादोकियातल्या कित्येक ख्रिस्ती लोकांची घरची भाषा तुर्की. ती ते ग्रीक लिपीत लिहीत, ग्रंथ छापत. त्यांना कारामानली म्हणतात. त्यांना परक्या ग्रीसमध्ये 'तुर्कांची पोरे' म्हणून हिणवले गेले. उलट क्रीट बेटावरचे मुसलमान ग्रीक बोलत, त्यांना तुर्कस्तानात पाठवले. भाषा एक, लिपी दुसरी, धर्म तिसरा आणि देश चौथा. गोव्याच्या माणसाला ही भानगड समजावून सांगावी लागत नाही.

जाताना त्यांनी काय नेले? उर्गुपच्या लोकांनी आपल्या संताचे शव नेले. संत योहान, जन्माने रशियन, युद्धात कैद होऊन इथे गुलाम म्हणून आलेला, धन्याच्या तबेल्यात राबणारा. 1730 साली वारला. त्याचे शव 1924 मध्ये ग्रीसच्या एविया बेटावर गेले, आणि तिथल्या वस्तीला जुन्या गावाचेच नाव मिळाले, प्रोकोपी. गुझेल्युर्तच्या लोकांनी संत ग्रेगरीचे अवशेष कवालाजवळच्या नव्या कार्वालीत नेले. इकडे त्यांचे चर्च मशीद झाले.

हे मी टॅक्सीत टीचरना सांगत होतो, कारण परतीच्या वाटेवर सगळे फोनवर शोधून वाचले होते. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. मग म्हणाल्या, "म्हळ्यार आमची म्हाळसा व्हेली तशी."

टीचरचे मूळ घर वेर्ण्याचे. त्या 'आमची' म्हणाल्या. आया सोफियात मी जे वाक्य गिळले होते, ते त्यांनी असे उच्चारले, त्यात फिर्याद नव्हती. वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला. देव नदीपलीकडे गेले, काही माणसे त्यांच्यामागे गेली, काही तिथेच राहिली आणि त्यांचा धर्म बदलला. टीचरचे पूर्वज राहिलेल्यांतले, माझे गेलेल्यांतले.

माझे म्हणणे एवढेच आहे. प्राचीन ख्रिस्ती स्थळांची सहल चौथ्या-पाचव्या शतकावर थांबवून थेट चामड्याच्या दुकानात नेणे, हे त्या मंडळीचा दुसऱ्यांदा निकाल लावणे आहे. रिकामे चर्च दाखवता, तर ते रिकामे कसे झाले तेही सांगा. दोन्ही बाजूंचे सांगा. नाही सांगितले तर प्रवासी आपल्या घरून आणलेले उत्तर त्यात भरतो, जसे बसमध्ये सर्वांनी भरले, जसे मीही भरले. आणि सात ठिकाणांतले एखादे कमी करून प्रोकोपीला न्या, जिथे मंडळी आहे.

अंत्युखिया आमच्या कार्यक्रमात नव्हते. ख्रिस्ती हे नाव प्रथम जिथे पडले ते हे गाव, आजचे अंताक्या. 6 फेब्रुवारी 2023 च्या भूकंपात ते जवळजवळ सपाट झाले. संत पेत्राची म्हणून दाखवतात ती गुहा वाचली. अरबी बोलणाऱ्या ऑर्थोडॉक्स लोकांचे नांदते चर्च कोसळले. पूर्वी त्या गावी जाऊन आलेल्या दोघांना मी विचारले. दोघांनी गुहा पाहिली होती. ते चर्च, ती माणसे, त्यांना कोणी दाखवली नव्हती. नायसियाला, म्हणजे इझनिकला, आम्ही तळ्याकाठी 40 मिनिटे होतो. पाण्याखालच्या त्या चर्चच्या खुणा वरून पाहिल्या. 325 सालच्या परिषदेला 1700 वर्षे झाली म्हणून नोव्हेंबर 2025 मध्ये पोप लिओ चौदावे आणि पॅट्रिआर्क बार्थोलोम्यू यांनी तिथे एकत्र प्रार्थना केली. ती टीव्हीवर पाहायला टीचरनी आम्हाला घरी बोलावले होते.

दुसऱ्याला नावे ठेवताना आपले अंगण कसे विसरायचे? आमच्याकडे पर्यटकांची बस सकाळी जुने गोवे दाखवते आणि त्याच दिवशी मंगेशीला नेते. बसिलिकापासून मंगेशीपर्यंत तासाभराचीसुद्धा वाट नाही. त्या वाटेत गाइडने या दोन वास्तूंचा एकमेकींशी काय संबंध, हे सांगितलेले मी कधी ऐकले नाही. काजू कुठे घ्यावेत, हे सांगतात.

परत आल्यावर सहलवाल्यांना मी फोन करून प्रोकोपीचे विचारले. तिकडे 'प्राचीन काही नाही', म्हणून मागणी नाही म्हणाले. हे टीचरना सांगितले तर त्या नुसत्या हसल्या. मग विचारले, म्हार्दोळच्या देवळात त्यांना आत घेतील का? आयुष्यभर म्हार्दोळच्या जायो केसांत माळल्या, शेकडो वेळा बसने समोरून गेल्या, पण आत कधी पाऊल टाकले नव्हते. घेतील की, म्हटले. रविवारी मीस संपली की मी गाडी घेऊन येतो.