रात्रीचें हलकें जेवण : रावस आणि शेवया

दिवसभर कचेरी करून आलेल्या सुनेनें रात्रीं पुन्हां दोन तास ओट्यापाशीं उभें राहावें, ही रीत आतां सोडण्याजोगी आहे असें आम्हांस वाटतें. परवां मार्व्याहून तरीनें आम्ही मनोरीस गेलों होतों. तेथें कोळणीकडून घेतलेल्या रावसानें चौघांचें जेवण अर्ध्या तासांत उरकलें. रावसास इंग्रजींत 'इंडियन सामन' म्हणतात खरें, पण तो सामनच्या कुळांतला नव्हे.

अर्धा किलो बिनकांट्याच्या तुकड्यांस मीठ व हळद लावून दहा मिनिटें ठेवावें. तेवढ्यांत पाव किलो जाड गव्हाच्या शेवया मिठाच्या उकळत्या पाण्यांत शिजवून निथळाव्या. थोड्या तेलांत लसूण व हिरवी मिरची परतून तुकडे दोन्ही बाजूंनीं तीन-तीन मिनिटें भाजावे. मग वाटीभर नारळाचें दूध घालून आंच मंद ठेवावी. खळखळ उकळल्यास तें फुटतें. शेवया मिसळून खालीं उतरवावें व वरून लिंबू पिळावें.

ज्यांस मासे चालत नाहींत, त्यांच्यासाठीं निराळ्या पातेल्यांत मटार घालून हेंच करावें. वांचलेला वेळ मात्र सुनेचा समजावा. त्यांत दुसरें काम सांगूं नये.