शब्दांचे चलन

मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मान्यता दिली. परंतु केवळ मानाने शब्दसंपत्ती वाढत नाही. विद्यार्थी 'चलनवाढ' या शब्दाची व्याख्या घोकतो. 'चलन' म्हणजे व्यवहारात चालते ते, हे त्यास कोणी सांगत नाही. ते उमगले की 'चलनी' आणि 'प्रचलित' हे शब्द एकाच कुळातील ठरतात. शब्दार्थाने चलनवाढ पैशाची, तर भाववाढ किमतींची, हा भेदही ध्यानी येतो. ज्यास तो कळत नाही, त्यास अंदाजपत्रकाची बातमी वाचूनही परकीच राहते. मोल्सवर्थ यांचा कोश १८३१ मध्ये निघाला. उणीव कोशांची नाही, ते उघडण्याच्या सवयीची आहे. शिक्षकांनी वर्गात रोज एका शब्दाचे कूळ उलगडावे. न वापरलेला शब्द पुरून ठेवलेल्या धनासारखाच होय. त्याने व्यवहार होत नाही.